विचारा, सांगते : घड्याळ बरोबर, नोंद चुकीची

मागच्या अंकात डेटाबेसचं व्हर्जन बदलताना काय जपावं, यावर लिहिलं होतं. तारीख-वेळेला त्यात एकच परिच्छेद दिला होता आणि तो पुरला नाही, हे आलेल्या पत्रांवरून कळलं. म्हणून या वेळी फक्त वेळेचीच पत्रं घेते. काही जरा कापली आहेत, माफ करा.

ताई, आम्ही पोस्टग्रेस या डेटाबेसच्या १६ व्या व्हर्जनवरून १८ वर गेलो. दुसऱ्या एका प्रणालीकडून आम्हाला रोज टेक्स्ट फायली येतात, त्यात वेळ “२०२५-११-०३ १०:०० आयएसटी” अशी असते. अपग्रेड झाल्यापासून प्रत्येक नोंद बरोबर साडेतीन तास मागे पडते. सर्व्हरचं घड्याळ तपासलं, सेशनचा, म्हणजे डेटाबेसशी केलेल्या जोडणीचा, टाइमझोन एशिया/कोलकाता आहे, तोही तपासला. फायली भरणारी स्क्रिप्ट आमच्या आधीच्या माणसाने लिहिलेली आहे, तिला आम्ही हात लावलेला नाही. १८ मध्ये बग आहे का?
— फायली भरणारा वाचक

साडेतीन हा आकडा वाचला आणि मला हसू आलं. तुमच्यावर नाही, त्या आधीच्या माणसावर. त्याची स्क्रिप्ट उघडा. त्यात कुठेतरी “इंटरव्हल”, ३ तास ३० मिनिटं, आणि त्याच्या आधी वजाबाकीची खूण सापडेल. बहुतेक शेजारी कॉमेंट नसेल.

त्याचं असं आहे. आयएसटी ही तीन अक्षरं तीन देश वापरतात : भारत, इस्राएल आणि आयर्लंड. अशा संक्षेपांचा अर्थ लावायला पोस्टग्रेसकडे एक तक्ता असतो, आणि त्याच्या डिफॉल्ट प्रतीत आयएसटी म्हणजे इस्राएल, यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेच्या दोन तास पुढे. तुमच्या सेशनचा टाइमझोन काहीही असो, १७ पर्यंत आधी हा तक्ताच बघितला जायचा. म्हणजे फायलीतले सकाळचे १० त्याने इस्राएलचे १० मानले, यूटीसीत ८ धरले आणि तुम्हाला परत दाखवताना दुपारचे १:३० दाखवले. साडेपाच वजा दोन, साडेतीन. तुमच्या आधीच्या माणसाला हा फरक दिसला, कारण शोधायला वेळ नव्हता म्हणा किंवा इच्छा, त्याने साडेतीन तास वजा केले आणि काम चालू झालं. वडाची साल पिंपळाला लावली, पण ती इतकी वर्षं टिकली!

१८ मध्ये क्रम उलटा झाला. आता आधी सेशनच्या टाइमझोनचे स्वतःचे संक्षेप बघितले जातात, तिथे नाही सापडलं तरच तक्ता. एशिया/कोलकात्याचा संक्षेप आयएसटीच आहे, त्यामुळे १० चे १० राहिले. स्क्रिप्टने सवयीने साडेतीन वजा केले. ६:३० झाले.

आता वजाबाकी काढून टाकलीत की झालं, असं वाटेल. थांबा. हीच फाईल दुसऱ्या कुठल्या कामातून, यूटीसी टाइमझोन असलेल्या सेशनमधून भरली जाते का, ते बघा. यूटीसीच्या सेशनला आयएसटी हा स्वतःचा संक्षेप म्हणून ठाऊक नाही, तो तक्त्याकडेच जाणार आणि तिथे अजून इस्राएलच बसलेलं आहे. म्हणजे एकच फाईल, एकच सर्व्हर, एकच व्हर्जन, आणि कोणी भरली त्यावर दोन उत्तरं. पूर्वी निदान सगळीकडे सारखंच चुकत होतं.

खरा उपाय म्हणजे फाईल पाठवणाऱ्याला अक्षरांऐवजी “+०५:३०” लिहायला सांगणं. तो ऐकत नसेल तर भरण्याआधी तुम्हीच मजकुरात बदल करा. तेही नको असेल तर “टाइमझोन अ‍ॅब्रीव्हिएशन्स” या सेटिंगला “इंडिया” ही किंमत द्या. तो तयार संच पोस्टग्रेससोबतच येतो, त्यात आयएसटी साडेपाच तासांचा आहे आणि तो जुन्या व्हर्जनवरही चालतो. फक्त “अ‍ॅट टाइम झोन”च्या पुढे “यूटीसी+५:३०” असं लिहू नका. तिथे पॉझिक्स या युनिक्स प्रणालींच्या प्रमाणाची जुनी पद्धत लागते आणि तीत अधिक म्हणजे पश्चिम. तुम्ही अकरा तास चुकाल आणि मला पुन्हा पत्र लिहाल.

जुन्या नोंदींना हात लावू नका. दोन चुकांनी एकमेकींना अगदी नेमकं खोडलेलं आहे, त्या बरोबर आहेत. अपग्रेडनंतर त्या स्क्रिप्टने भरलेल्या नोंदींतच साडेतीन तास मिळवा.

पुढचं पत्र : पोस्टग्रेसची नवी डॉकर इमेज (सर्व्हरचा तयार बांधलेला गठ्ठा) घेतली तेव्हापासून जावाचं अ‍ॅप जोडलंच जात नाही. “इनव्हॅलिड व्हॅल्यू फॉर पॅरामीटर टाइमझोन : एशिया/कॅलकटा” असं म्हणतं. आम्ही हे नाव कोडमध्ये कुठेही लिहिलेलं नाही, शपथेवर.

तुम्ही नाही लिहिलं, जावाने लिहिलं. पोस्टग्रेसचा जेडीबीसी ड्रायव्हर, म्हणजे जावाला डेटाबेसशी जोडणारा भाग, जोडणी करताना जावाचा टाइमझोन सर्व्हरला कळवतो, आणि विंडोजवरची जावा हा झोन जुन्या नावानेच ओळखते. टाइमझोनच्या जागतिक यादीत नाव २००८ मध्येच कोलकाता झालं, जुनं नाव टोपणनाव म्हणून राहिलं. डेबियनने अलीकडे ही टोपणनावं मूळ पॅकेजमधून काढून “टीझेडडेटा-लेगसी” या वेगळ्या पॅकेजात टाकली. तुमच्या इमेजमध्ये ते पॅकेज नाही. जावा सुरू करताना “युझर डॉट टाइमझोन”ला एशिया/कोलकाता द्या, पाच मिनिटांचं काम आहे. “यूएस/ईस्टर्न”सारखी नावं वापरणाऱ्यांनाही हेच लागू, त्यांनी अमेरिका/न्यूयॉर्क लिहावं.

मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ५.५ व्हर्जनचा डंप, म्हणजे सगळा डेटा काढलेली फाईल, घेऊन ८.० वर चढवला. एकही एरर नाही. महिनाभराने एका टेबलात एक साधा कॉलम वाढवायला गेलो, तर “इनव्हॅलिड डिफॉल्ट व्हॅल्यू” आणि नाव दुसऱ्याच कॉलमचं, जो दहा वर्षं तिथेच आहे. डंप चढला तेव्हा हे का नाही बोललं? मित्र म्हणतो, एसक्यूएल मोड (सर्व्हरने किती कडक तपासायचं ती सेटिंग) रिकामा करून टाक. करू?
— रात्री अपग्रेड करणारी वाचक

नको. मित्राला सांगा, गजर बंद केल्याने आग विझत नाही.

डंप का चढला, ते आधी बघू. डंपची फाईल उघडून अगदी वरच्या ओळी वाचा. मायएसक्यूएलडंप स्वतःच तिथे एसक्यूएल मोड बदलणारी एक ओळ लिहून ठेवतो आणि शेवटी मूळचा मोड परत लावतो. मधल्या वेळात दार सताड उघडं. ५.७ पासून डिफॉल्ट मोडमध्ये शून्य तारखांना बंदी आली, पण तुमच्या “०००० साल, ०० महिना, ०० तारीख” अशा नोंदी त्या उघड्या दारातून आत शिरल्या. महिन्याने तुम्ही कॉलम वाढवायला ऑल्टर चालवलात, तेव्हा मोड नेहमीचा होता. सर्व्हरने टेबलाची अख्खी व्याख्या पुन्हा तपासली आणि जुन्या कॉलमच्या शून्य डिफॉल्टला अडवलं. ते काढलंत की पुढची पायरी : आतल्या नोंदींवरून “इनकरेक्ट डेटटाइम व्हॅल्यू”.

दुरुस्ती करताना फक्त त्या एका सेशनपुरता मोड सैल करा, नाहीतर शून्य तारखा शोधणारी क्वेरीच अडेल. मग प्रत्येक कॉलमला एक प्रश्न विचारा : इथे शून्य म्हणजे “झालंच नाही” की “माहीत नाही”? बहुतेक ठिकाणी नल, म्हणजे रिकामी किंमत, हेच उत्तर निघतं. काही लोक शून्याच्या जागी १ जानेवारी १९७० टाकतात. मला ते पटत नाही, कारण ती खरी तारीख आहे आणि उद्या कुणीतरी तिची सरासरी काढेल. शिवाय टाइमस्टॅम्प या कॉलमच्या प्रकाराची मर्यादा यूटीसीत १९७० च्या मध्यरात्रीनंतर एका सेकंदाने सुरू होते. साडेपाच तास पुढच्या सेशनमधून तुम्ही १ जानेवारीची मध्यरात्र लिहायला गेलात, तर ती मर्यादेच्या अलीकडे पडते आणि सर्व्हर ती घेतच नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण आणखी दोन गोष्टी तुमच्याकडे निघणारच. पहिली : जुन्या मायएसक्यूएलमध्ये टेबलातल्या पहिल्या टाइमस्टॅम्प कॉलमला न सांगता “आत्ताची वेळ, आणि रो (टेबलातली नोंद) बदलला की पुन्हा आत्ताची वेळ” असं वागणं चिकटायचं. ८.० मध्ये ते बंद झालं. डंपमधून आलेली टेबलं वाचली, कारण डंपमध्ये ते वागणं शब्दांत लिहिलेलं असतं. हाताने लिहिलेल्या जुन्या क्रिएट स्क्रिप्टमधून ८.० वर नवं टेबल बनवलंत की त्यात “शेवटचा बदल” हा कॉलम मुका बसतो. आणि नॉट-नल टाइमस्टॅम्पमध्ये नल टाकून “आत्ताची वेळ” मिळवणारा कोड असेल, तर तो डंपमधून आलेल्या टेबलांवरही एरर देईल.

दुसरी : ५.६.४ पासून सेकंदाचे अपूर्णांक साठवता येऊ लागले आणि ज्या कॉलममध्ये जागा नाही तिथे ते पूर्णांकात आणले जाऊ लागले. पूर्वी शेपूट नुसतं कापलं जायचं. ३१ मार्च, २३:५९:५९.९९९ ही वेळ ५.५ मध्ये ३१ मार्चलाच राहायची, आता १ एप्रिलची मध्यरात्र होते. “दिवसाचा शेवट” म्हणून ९९९ मिलिसेकंद पाठवणारी अ‍ॅप मी मोजायचं सोडलंय. ८.० मध्ये कापण्याची जुनी पद्धत परत आणणारा “टाइम ट्रंकेट फ्रॅक्शनल” हा मोड आहे. पण मी सांगेन, “पुढच्या दिवसाच्या आधी” अशी अट लिहा आणि ९९९ विसरा.

आता माझी फजिती, कारण रात्री अपग्रेड करणाऱ्यांना ती उपयोगी पडेल. एका ठिकाणी मी अशीच मायएसक्यूएलची हलवाहलव केली. जुना सर्व्हर स्थानिक वेळेवर, नवा कंटेनर यूटीसीवर. दोन्हीकडे टाइमझोनची सेटिंग “सिस्टिम”, म्हणजे यंत्राची जी असेल ती. टाइमस्टॅम्प कॉलमची मला काळजी नव्हती. ते आतून यूटीसीतच असतात आणि डंपही त्यांना यूटीसीतच नेतो. पहाटे चार नोंदी जुळवल्या, जुळल्या, झोपले.

पण माल कधी रवाना झाला ते ठेवणारा कॉलम डेटटाइम होता. डेटटाइमला झोन नसतो, लिहिली ती अक्षरं तशीच राहतात. त्या रात्रीपर्यंतच्या नोंदींत भिंतीवरच्या घड्याळाची वेळ, त्या रात्रीनंतर नाऊ-फंक्शनने भरलेली यूटीसीची. एकाच कॉलममध्ये साडेपाच तासांचा सांधा आणि त्यावर कुठे खूण नाही. तीन आठवड्यांनी हिशेबातल्या एका बाईंनी विचारलं, “हा माल मागणी यायच्या आधीच कसा काय निघाला?” मागणीची वेळ अ‍ॅपकडून स्थानिक यायची, रवानगीची सर्व्हरकडून. तेव्हा माझ्या पोटात जे काही झालं, ते अजून आठवतं. सांधा कुठल्या आयडीवर आहे ते अ‍ॅपच्या लॉगवरून शोधलं. अडचण पुढे होती : मधल्या काळात काही जुने रो दुरुस्त झाले होते, त्यांचा आयडी सांध्याच्या अलीकडचा आणि वेळ पलीकडची. ते दोनशे-सव्वादोनशे रो मी एकेक बघितले.

तेव्हापासून चार नोंदी जुळवून मी झोपत नाही. जुन्या सर्व्हरवर काही विचित्र रो निवडते : मध्यरात्रीचा, वर्षाच्या शेवटच्या सेकंदाचा, नल, उन्हाळी वेळ लागू असलेल्या झोनमधला असेल तर घड्याळ मागे जातं त्या तासातला. त्यांची वेळ नुसती वाचून ठेवत नाही. युनिक्स टाइमस्टॅम्प, म्हणजे १९७० पासूनचे सेकंद, असा एकच आकडा काढून कागदावर लिहिते. नव्या सर्व्हरवर अ‍ॅपच्याच जोडणीतून तोच आकडा यायला हवा. शिवाय दोन्हीकडे अ‍ॅपमधून एकेक नवी नोंद करून तिचाही आकडा बघते. ही शेवटची पायरी त्या रात्री केली असती, तर ते तीन आठवडे वाचले असते.

पुढचं पत्र : मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर कंपॅटिबिलिटी लेव्हल (कुठल्या व्हर्जनसारखं वागायचं ती सेटिंग) १२० वरून १३० केली. दोन टेबलं वेळेवर जोडणारी क्वेरी दोन तृतीयांश रो गाळू लागली. डेटा तोच आहे.

एका बाजूला डेटटाइम आणि दुसऱ्या बाजूला डेटटाइम२ आहे ना? डेटटाइम सेकंदाचे तीनशे भाग करून मोजतो, म्हणून त्याचे मिलिसेकंद ०, ३ किंवा ७ वरच संपतात. खरं तर ते ३.३३ आणि ६.६७ असतात. १३० च्या आधी डेटटाइम२ मध्ये बदलताना .००३ चं .००३०००० व्हायचं, आता .००३३३३३ होतं. दुसऱ्या टेबलात जुनं .००३०००० साठवलेलं, ते कसं जुळणार? ० वर संपणारे तेवढे जुळतात, म्हणून तुमचं दोन तृतीयांशाचं प्रमाण. दोन्ही कॉलम एका प्रकारात आणा. तोवर जोडताना डेटटाइम२ ला स्पष्टपणे डेटटाइममध्ये बदला.

ओरॅकल डेटाबेसचं पत्र : चाचणीचा सर्व्हर १९सी, प्रत्यक्ष वापराचाही १९सी. चाचणीवरून डेटा पंप या ओरॅकलच्या साधनाने काढलेली फाईल तिकडे “ओआरए-३९४०५” देऊन नाकारली गेली. व्हर्जन एकच असताना व्हर्जनची तक्रार कशी?

तक्रार डेटाबेसच्या व्हर्जनची नाही, टाइमझोन फायलीच्या व्हर्जनची आहे. ओरॅकलचा “टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन” वेळेसोबत झोनही जपतो, त्यामुळे त्या झोनचे नियम कुठल्या फायलीतले, याला अर्थ येतो. (पोस्टग्रेसचा त्याच नावाचा प्रकार झोन जपत नाही, यूटीसीत बदलून झोन टाकून देतो. नावावर जाऊ नका.) मूळ १९सी सोबत ३२ क्रमांकाची फाईल येते. चाचणीचा डेटाबेस पॅच लावलेल्या यंत्रणेवर नव्याने बनवला असेल, तर त्याने पुढची फाईल घेतली असणार. दोन्हीकडे “व्ही-डॉलर-टाइमझोन-फाईल” बघा.

जुन्या फायलीकडून नव्या फायलीकडे डेटा जातो, उलट जात नाही. प्रत्यक्ष वापराचा डेटाबेस वर आणावा लागेल. त्यासाठी आरडीबीएमएस/अ‍ॅडमिन या फोल्डरमध्ये “यूटीएलटीझेड-यूपीजी”ने सुरू होणाऱ्या दोन स्क्रिप्ट आहेत, आधी तपासणीची, मग लावण्याची. दुसरी स्क्रिप्ट डेटाबेस बंद करून पुन्हा सुरू करते, हे वरिष्ठांना आधी सांगा, नंतर नाही. खाली परत येता येत नाही. दोन-चारच टेबलं न्यायची असतील तर एवढा खटाटोप कशाला, ऑफसेटसकट टेक्स्टमध्ये काढा आणि भरा.

पुढचं पत्र : कर्जाच्या हप्त्यांचं सॉफ्टवेअर आहे. मायएसक्यूएल ८.०.२८ नंतर २०३८ चा प्रश्न सुटला असं ऐकलं. तरी २०४१ चा हप्ता टाइमस्टॅम्पमध्ये बसत नाही.

सुटला तो फंक्शनांचा. ६४ बिटच्या यंत्रावर युनिक्स-टाइमस्टॅम्प, फ्रॉम-युनिक्सटाइम आणि कन्व्हर्ट-टीझेड आता ३००१ पर्यंत जातात. टाइमस्टॅम्प कॉलम अजून चार बाइटचाच आहे आणि यूटीसीच्या १९ जानेवारी २०३८, ०३:१४:०७ ला संपतो. हप्त्याला वेळ लागतेच कशाला? नुसता डेट वापरा.

सगळं यूटीसीत ठेवलं की यातल्या कुठल्याच भानगडी होत नाहीत, असं तुम्ही स्पष्ट का सांगत नाही?
— यूटीसीवादी

कारण ते निम्मंच खरं आहे. घडून गेलेल्या गोष्टींसाठी यूटीसी, यावर माझा वाद नाही. पुढच्या भेटींसाठी नाही. समजा २०२१ मध्ये कुणी मेक्सिको सिटीतली १४ जून २०२३, सकाळी १० ची भेट नोंदवली. तेव्हाच्या नियमाने जूनमध्ये तिथे उन्हाळी वेळ, यूटीसीच्या पाच तास मागे, म्हणून तुम्ही १५:०० यूटीसी साठवलंत. ऑक्टोबर २०२२ मध्ये मेक्सिकोने बहुतेक भागांतली उन्हाळी वेळ कायमची रद्द केली. आता जूनमध्ये ते सहा तास मागे, आणि तुमची १५:०० तिथे सकाळचे ९ दाखवते. माणूस १० लाच येणार, त्याने १० च कबूल केलेले.

आणि यात व्हर्जनचा खोडा असा की एका सर्व्हरवर टीझेडडेटा, म्हणजे टाइमझोनच्या नियमांची ती जागतिक यादी, २०२२ ऑक्टोबरच्या आधीचा आणि दुसऱ्यावर नंतरचा असेल, तर डेटाबेसचं व्हर्जन अगदी सारखं असूनही तीच नोंद एकीकडे १० आणि दुसरीकडे ९ दिसते. म्हणून भेटीसाठी मी स्थानिक वेळ झोनशिवाय आणि झोनचं पूर्ण नाव असे दोन कॉलम खरे मानते. यूटीसीचा तिसरा फक्त आठवण पाठवण्यासाठी, आणि टीझेडडेटा बदलला की तो नव्याने काढायचा.

हे मायएसक्यूएलवर करणार असाल तर त्याचे टाइमझोन तक्ते ऑपरेटिंग सिस्टिमसोबत आपोआप बदलत नाहीत, “मायएसक्यूएल-टीझेडइन्फो-टू-एसक्यूएल” चालवून भरावे लागतात. नव्या सर्व्हरवर ते बऱ्याचदा रिकामेच असतात आणि तेव्हा झोनचं नाव दिलेलं कन्व्हर्ट-टीझेड एरर देत नाही, गुपचूप नल देतं. आजच एकदा चालवून बघा.